भाव पडलेली माणसं

दर फेब्रुवारीत मेलबर्नमधल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याद्या यायला लागतात. ‘यंदाचे दहा अंडरव्हॅल्यूड खेळाडू’. ‘हे पाच जण डोळे मिटून घ्या’. ‘चोरीचा भाव!’ यूट्यूबवर पोरं तासतासभर बोलतात, पॉडकास्टवाले त्याच नावांचा रतीब घालतात, आणि मार्चमध्ये हंगाम सुरू होईपर्यंत ती नावं ओळखीतल्या प्रत्येकाच्या फँटसी संघात जाऊन बसलेली असतात. ज्याला सगळ्यांनीच उचललंय तो ‘अंडरव्हॅल्यूड’ कसा, हा साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

मला या याद्यांचा राग येतो. राग बाहेरून बघणारीचा नाही. मी स्वतः ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची फँटसी दरवर्षी खेळते, गुरुवारी संध्याकाळी संघ जाहीर झाले की जेवण बाजूला ठेवून ॲप उघडते, आणि आमच्या दहा जणांच्या लीगमध्ये तळाला राहणाऱ्यांपैकी मी नव्हे. म्हणून हे आतून सांगते: ‘अंडरव्हॅल्यूड’ हा शब्द आपण चुकीच्या माणसांना लावतो. ज्यांना लावतो ते फक्त स्वस्त असतात. आणि ज्यांना खरोखर कमी लेखलं जातं, त्यांना आपण संघात घेतच नाही.

आधी खेळ काय आहे ते

भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे इथल्या भाषेत ‘फूटी’, लंबगोल मैदानावर लंबगोल चेंडूने खेळतात. एका बाजूला १८ खेळाडू. ऑफसाइड नाही. चेंडू लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, फेकायचा नाही. पंधरा मीटर किंवा जास्त लांबून आलेली किक हवेतल्या हवेत झेलली की तो ‘मार्क’, आणि झेलणाऱ्याला निवांत पुढची किक मारायची मुभा. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू गेला तर गोल, ६ गुण. बाजूच्या खांबाच्या आतून गेला तर बिहाइंड, १ गुण. या खेळाचे पहिले नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये लिहिले गेले. आज एएफएलमध्ये १८ क्लब आहेत, आणि सप्टेंबरअखेरच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी अख्ख्या व्हिक्टोरिया राज्याला सरकारी सुट्टी असते. यावरून काय ते समजा.

फँटसीत तुम्हाला एक ठरावीक रक्कम मिळते आणि तेवढ्यात ३० खेळाडूंचा संघ बसवायचा: २२ मैदानात, ८ राखीव. ६ बचावपटू, ८ मिडफिल्डर, २ रक म्हणजे उंच उडी मारून चेंडू थापटणारे, आणि ६ फॉरवर्ड. प्रत्यक्ष सामन्यात त्यांनी जे केलं त्याचे गुण तुम्हाला. किकला ३, हँडबॉलला २, मार्कला ३, टॅकलला ४, हिटआउटला १, गोलला ६, बिहाइंडला १. फ्री किक मिळवली तर १, दिली तर उणे ३. कर्णधाराचे गुण दुप्पट. आठवड्याला दोन खेळाडू बदलता येतात.

सगळेच महागडे खेळाडू घेतले तर पैसे पुरत नाहीत. म्हणून स्वस्तात जास्त गुण देणारे शोधावे लागतात. इथून त्या याद्यांचा धंदा सुरू होतो.

भाव ठरवतं कोण?

कुणीच नाही. माझ्या वादाचा पाया हाच आहे.

‘अंडरव्हॅल्यूड’ हा शब्द बाजारातला. बाजारात घेणारे असतात, विकणारे असतात, कुणीतरी डोळ्यांनी बघून, मनाशी अंदाज बांधून किंमत लावतो, आणि तो अंदाज चुकतो. मंडईत शेवटच्या टोकाला बसलेल्या बाईकडची मेथी चांगली असूनही स्वस्त जाते, कारण तिथवर गिऱ्हाईक पोचत नाही. तिथे ‘कमी लेखलं’ असं म्हणता येतं. लेखणारा आहे म्हणून.

एएफएल फँटसीत लेखणारा कुणी नाही. खेळाडूची सुरुवातीची किंमत म्हणजे मागच्या हंगामातली त्याची सरासरी गुणिले एक ठरलेला आकडा. दुखापतीमुळे हंगाम बुडाला असेल तर त्यावर सूट. नवखा असेल तर ड्राफ्टमध्ये कितव्या क्रमांकावर उचलला त्यानुसार किंमत. हंगाम सुरू झाला की दर आठवड्याला ताज्या गुणांवरून किंमत वरखाली होते, तीही सूत्राने. इंग्लिश प्रीमियर लीगची फँटसी खेळणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. तिथे लोक धडाधड घ्यायला लागले की किंमत वाढते, बाजारासारखं काहीतरी असतं. इथे एका खेळाडूला लाख लोकांनी घेतलं काय आणि दहांनी घेतलं काय, किंमत तीच.

म्हणजे हा भाव नव्हे, ही मागच्या वर्षाची पावती आहे. पावतीला पुढचं काही दिसत नाही. त्यामुळे ‘मी अंडरव्हॅल्यूड खेळाडू हेरला’ असं कुणी छाती फुगवून सांगतो, तेव्हा त्याने कुणाच्याही नजरेवर मात केलेली नसते. त्याने एका गुणाकाराला हरवलेलं असतं.

इथे कुणीतरी हमखास ‘मनीबॉल’ काढतं. मायकल लुइसचं पुस्तक २००३ मध्ये आलं, ब्रॅड पिटचा सिनेमा २०११ मध्ये, आणि तेव्हापासून एक्सेल शीट उघडणारा प्रत्येक जण स्वतःला बिली बीन समजतो. पण ऑकलंडच्या बेसबॉल संघाने केलं ते नेमकं उलटं होतं. तिथे जुने जाणकार खेळाडूची चण, त्याचा फटका, त्याचा रुबाब बघून भाव करत होते, आणि कुणाच्या नजरेत न भरणारं एक कौशल्य, म्हणजे काहीही करून बेसवर पोचणं, बाजारात पडून होतं. ऑकलंडने मोजमापच बदललं. आपण मोजमाप बदलत नाही. दिलेल्या मोजमापाने दिलेल्या किमतीत दिलेले गुण शोधतो. याला हुशारी म्हणा हवं तर, मनीबॉल म्हणू नका.

भाव का पडतो?

मग स्वस्त खेळाडू स्वस्त का असतो? आठ-दहा नावांची यादी देणाऱ्याला हे विचारा, आणि त्याचं उत्तर ‘व्हॅल्यू आहे ना!’ एवढंच असेल तर व्हिडिओ बंद करा. भाव पडायची कारणं मोजकी आहेत आणि एकमेकांहून फार वेगळी आहेत.

पहिलं कारण: काम बदललं. ब्रोडी ग्रंडीचं उदाहरण घ्या. २०१८ आणि २०१९ मध्ये हा कॉलिंगवुडचा रक ऑल-ऑस्ट्रेलियन संघात होता. फँटसीत सोन्याचा भाव. २०२३ मध्ये तो मेलबर्न क्लबकडे गेला, जिथे मॅक्स गॉन आधीच होता. एका म्यानात दोन तलवारी. ग्रंडीच्या वाट्याला अर्धं काम आलं, गुण घटले, हंगामाच्या उत्तरार्धात तर संघाबाहेर बसून दुय्यम लीगमध्ये खेळावं लागलं. २०२४ साठी तो सिडनीला गेला, तिथे तो एकटा मुख्य रक, आणि तो पुन्हा पूर्वीचा ग्रंडी झाला. सिडनी त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोचली. त्याची उंची तीच, उडी तीच, हात तेच. २०२३ ची सरासरी ग्रंडीची नव्हतीच. ती एका चुकीच्या मांडणीची सरासरी होती. ज्यांनी फूटी बघितली होती त्यांना हे सांगायला यादी लागली नाही.

दुसरं कारण: अनोळखी असणं. टिम केली अनेक ड्राफ्टमधून उपेक्षित राहिला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमध्ये तो मोठ्या माणसांमध्ये उत्तम खेळत होता, पण त्या लीगची सरासरी फँटसीच्या सूत्रात शिरत नाही. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये जिलाँगने २४ व्या क्रमांकावर त्याला घेतलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. २०१९ मध्ये, म्हणजे दुसऱ्याच हंगामात, तो ऑल-ऑस्ट्रेलियन संघात होता. सूत्राने मात्र पहिल्या वर्षी त्याला शाळेतून नुकत्याच आलेल्या पोरांच्या रांगेत उभं केलं होतं.

आणि ड्राफ्ट क्रमांकाला देव मानणाऱ्यांसाठी एक आकडा देते: ५८. २००१ च्या ड्राफ्टमध्ये ५८ व्या क्रमांकावर डेन स्वान गेला. त्याने २०११ चं ब्राउनलो पदक जिंकलं. २०११ च्या ड्राफ्टमध्ये ५८ व्या क्रमांकावर लॅकी नील गेला. त्याने २०२० आणि २०२३ अशी दोन ब्राउनलो जिंकली. तिथे माणसांनी, पगारी जाणकारांनी, सत्तावन्न वेळा दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं. ‘कमी लेखलेला’ हा शब्द इथे शोभतो.

तिसरं कारण सगळ्यात मोठं, आणि त्याच्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो: शरीर मोडलं.

आजारपणाची सूट

टॉम मिचेलने २०१८ च्या पहिल्याच सामन्यात ५४ वेळा चेंडू खेळवला. तो विक्रम होता. त्याच वर्षी त्याला ब्राउनलो मिळालं. जानेवारी २०१९ मध्ये सरावात पाय मोडला आणि पूर्ण हंगाम गेला. सूत्राच्या लेखी पुढे काय होतं हे तुम्हाला आता कळलं असेल.

सॅम डॉकर्टीची गोष्ट याहून कठीण आहे. कार्लटनचा हा बचावपटू २०१७ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन होता. २०१८ च्या हंगामाआधी गुडघ्याचा लिगामेंट तुटला. २०१९ च्या हंगामाआधी पुन्हा तुटला. सलग दोन हंगाम शून्य सामने. २०२० मध्ये परतला. त्याच वर्षाच्या अखेरीस वृषणाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. २०२१ मध्ये खेळला, आणि त्याच वर्षी कर्करोग उलटला, केमोथेरपी घ्यावी लागली. मार्च २०२२ मध्ये हंगामाच्या पहिल्या सामन्यात रिचमंडविरुद्ध एमसीजीवर तो परत उतरला आणि त्याने गोल मारला.

आता आपली भाषा ऐका. अशा माणसाबद्दल फँटसीच्या जगात काय म्हणतात? ‘डिस्काउंट मिळतोय.’ ‘रिस्क आहे, पण अपसाइड बघ.’ मोडलेल्या गुडघ्याला सूट. पाय मोडला म्हणून वीस टक्के, अख्खं वर्ष गेलं तर आणखी थोडे, सेल लागल्यासारखं. कन्कशनचं तेच. डोक्याला मार लागला की खेळाडूला किमान १२ दिवस बाहेर बसवायचं, असा एएफएलचा नियम २०२१ पासून आहे. खेळाडूच्या मेंदूसाठी केलेला नियम. आमच्या ग्रुपवर त्याचं भाषांतर होतं: ‘शिट, पुढच्या आठवड्यात डोनट.’ डोनट म्हणजे शून्य गुण. २०२३ च्या प्लेऑफमध्ये डोक्याला मार बसलेल्या अँगस ब्रेशॉला फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, वैद्यकीय सल्ल्याने खेळ सोडावा लागला. ती बातमी आली तेव्हाही काही जणांचा पहिला प्रश्न होता की त्याच्या जागी कुणाला घ्यायचं.

नवख्या पोरांसाठीचा शब्द तर सरळ गोठ्यातला आहे: ‘कॅश काऊ’. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर किमान किमतीत घ्यायचं, चार-सहा सामन्यांत त्याची किंमत फुगू द्यायची, आणि फुगली की विकायचं. त्याला म्हणतात ‘फॅटनिंग अप’. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे ऐकून हसू यावं की रडू, कळत नाही. आमच्याकडे बैलालासुद्धा नाव असतं, आणि वर्षातून एकदा त्याच्या पायावर पाणी घालतात.

मी असं म्हणत नाही की दुखापतीतून परतणाऱ्याला घेऊ नका. घ्या. त्याच्यावर विश्वास टाकणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण मग तो परततो आहे तो कसा, हे बघा. सरावात पूर्ण धावतोय का, किती मिनिटं मैदानावर ठेवतात, डावीकडे वळताना कचरतोय का. ते बघितलंत तर तुम्ही खेळाडू निवडलात. नुसती सूट बघून उचललंत तर तुम्ही दुसऱ्याच्या आजारपणात घासाघीस केलीत.

ज्यांची कुठे नोंदच होत नाही

आता खऱ्या कमी लेखलेल्यांकडे येते.

गुणपद्धत पुन्हा वाचा. तिच्यात एक गोष्ट नाही: ‘स्पॉइल’. समोरचा फॉरवर्ड उंच उडी मारून चेंडू झेलणार, झेलला की गोल नक्की, अशा क्षणी मागून येऊन मुठीने चेंडू उडवून लावणं म्हणजे स्पॉइल. मोठ्या बचावपटूचं मुख्य काम हेच. एखाद्याने सामन्यात असे तीन नक्की गोल वाचवले, तर संघाचे १८ गुण वाचले. फँटसीत त्याला त्याबद्दल मिळतात शून्य. त्याच वेळी मागच्या कोपऱ्यात मोकळा उभा असलेला दुसरा कुणी बिनधोक पास झेलतो आणि आडवी किक मारून देतो: मार्कचे ३, किकचे ३, एकूण ६. खेळ जागचा हलला नाही, पण खाते फुगलं. फँटसीवाले याला प्रेमाने ‘प्लस सिक्स’ म्हणतात.

ॲलेक्स रॅन्स हा रिचमंडचा फुलबॅक २०१४ ते २०१८ सलग पाच वर्षं ऑल-ऑस्ट्रेलियन होता. २०१७ मध्ये रिचमंडने ३७ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं, त्या बचावाचा तो कणा. त्याच्या पिढीतला सर्वोत्तम बचावपटू कोण, असं विचारलं तर बरेच जण त्याचंच नाव घेतील. फँटसीत त्याला हौसेने घेणारा मला कुणी भेटला नाही. सिरिल रिओलीचं तेच. २०१५ च्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू, नॉर्म स्मिथ पदकाचा मानकरी. तो चेंडू फार वेळा हातात घेत नसे. पण तो जवळ आहे या धास्तीने समोरचे बचावपटू घाईत चेंडू टाकून देत. धास्तीला किती गुण? तशी ओळ तक्त्यात नाही.

सुपरकोच नावाच्या दुसऱ्या मोठ्या फँटसीत स्पॉइल मोजतात, चांगली किक आणि वाईट किक वेगळी धरतात. म्हणजे मोजता येतं. कुणीतरी ठरवावं लागतं. पण तिथेही प्रत्येक सामन्याचे एकूण ३३०० गुण कापून-जोडून बसवले जातात, त्यामुळे एकाच्या ताटातलं वाढलं की दुसऱ्याच्या ताटातलं कमी होतं. कुठलाही तक्ता परिपूर्ण नसतो, आणि तक्ता वापरणाऱ्याने ते विसरायचं नसतं. कबड्डी खेळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कॉर्नरने घोटा धरला म्हणून गुण त्याच्या नावावर लागतो. पण मागून झेपावून रेडरला दाबून धरणारा कव्हर नसता तर तो रेडर कॉर्नरला फरपटत रेषेपार गेला असता.

मला या गुणपद्धतीवर बंदी नको आहे. खेळ सोपा ठेवायचा तर काहीतरी गाळावं लागतं. माझा आक्षेप एवढाच: जे गाळलं ते आपल्या नजरेतूनही गळतं. माझ्या ओळखीतली हुशार पोरं आता अख्खा सामना बघत नाहीत. टीव्ही चालू असतो आणि नजर मोबाइलवर, आपल्या २२ जणांच्या आकड्यांवर. समोर कुणीतरी आयुष्यातला सर्वोत्तम स्पॉइल करतो, आणि कुणी मान वर करत नाही.

लोकल एक्सपिरियन्स

हे सगळं मला एवढं का लागतं, तेही सांगते.

पुण्यात मी नऊ वर्षं ऑडिटचं काम केलं. इथे आले तेव्हा एका कंपनीतल्या भरती करणाऱ्या बाईंनी माझा बायोडेटा वाचला, हसून म्हणाल्या, ‘इम्प्रेसिव्ह. पण लोकल एक्सपिरियन्स नाही ना?’ हे वाक्य ऑस्ट्रेलियात आलेल्या किती मराठी माणसांनी ऐकलंय ते मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या कुठल्याही उपनगरात गणपतीच्या दिवसांत विचारून बघा. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षिका. कुणी गोदामात रात्रपाळी केली, कुणी टॅक्सी चालवली, कुणी म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचं काम धरलं. मीही चौदा महिने एका गोदामात खोकी भरली. काम हलकं नव्हतं आणि तिथली माणसंही हलकी नव्हती. मुद्दा तो नाही.

मुद्दा हा की त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे एक रकाना होता. या लीगमधली मागच्या वर्षाची सरासरी किती? रकाना रिकामा. म्हणजे किमान किंमत. मी दुसऱ्या लीगमध्ये नऊ वर्षं खेळले होते, पण ती लीग सूत्रात नव्हती. टिम केलीचं पहिल्या वर्षाचं फँटसीतलं मोल आणि माझा पहिल्या वर्षाचा तासाचा दर एकाच गणिताने ठरला होता.

म्हणून माझ्याच शेजारचा, तेच वाक्य ऐकून आलेला माझ्या गावचा माणूस जेव्हा ग्रुपवर लिहितो, ‘हा रूकी घे, सहा आठवड्यांत फुगव आणि फेक’, तेव्हा मला वाटतं, अरे, तुला कुणीतरी असंच घेतलं होतं की. तू काय करू शकतोस हे न विचारता, तुझा रकाना बघून.

‘अगं, खेळच तर आहे’

हे उत्तर मला दरवेळी मिळतं. खेळाडूंना लाखो डॉलर मिळतात, आपल्या बोलण्याने त्यांचं काय बिघडतं? थोडं बिघडतं. पैज हरलेले लोक सामन्यानंतर खेळाडूंना मेसेज करून शिव्या घालतात, हे खेळाडूंनीच जाहीरपणे सांगितलंय. पण माझा भर त्यांच्यावर नाहीच. आपलं काय बिघडतं यावर आहे.

माणूस बघून आकडा आठवण्याची ही सवय फँटसीपुरती थांबत नाही. तिच्या शेजारच्याच दुकानात सट्टा बसलेला असतो. फूटीच्या प्रक्षेपणात पैजेच्या जाहिराती इतक्या यायच्या की २०२३ मध्ये पेटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने ३१ शिफारशी केल्या आणि ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करा असं सांगितलं. भारतातल्या वाचकांना हे परकं वाटू नये. ड्रीम११ हे नाव भारतीय संघाच्या जर्सीवर होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला आणि पैशांच्या स्पर्धा बंद झाल्या. तोवर किती पोरांनी एका संध्याकाळच्या सामन्यासाठी ‘अंडरव्हॅल्यूड’ यष्टिरक्षक शोधत रात्री घालवल्या, ते तुमच्या कट्ट्यावर विचारा.

एएफएलची ही हंगामभराची फँटसी फुकट आहे आणि मंद आहे. मार्च ते ऑगस्ट चालते. तिच्यात संयमाला जागा आहे, म्हणूनच मी तिच्या बाजूने भांडते. तिला एका रात्रीच्या लॉटरीची भाषा चिकटलेली मला बघवत नाही.

मग निवडायचं कसं?

टीका करून मोकळं होणं सोपं आहे, म्हणून माझी पद्धतही सांगते. यादी देणार नाही. प्रश्न देते.

हा स्वस्त का आहे, हे एका वाक्यात सांगता येतं का? ‘मागच्या वर्षी दुसऱ्या रकबरोबर काम वाटून घेत होता, आता एकटा आहे’ हे कारण झालं. ‘यंदा फुटणार बघ’ हा नवस झाला.

त्याचं काम बदललंय याचा पुरावा काय? सरावसामन्यात मधल्या चेंडूफेकीला तो किती वेळा उभा राहिला ते मोजा. विरोधी संघाने बिहाइंड मारल्यावर चेंडू मैदानात आणायचं काम कुणाकडे आहे ते बघा. किक मारण्याआधी तो चौकोनाबाहेर धावत आला तर ती किक त्याच्या खात्यात जाते, आणि एखाद्या बचावपटूचं अख्खं वर्ष त्यावर उजळतं. हे आकडे मिळतात, पण त्यांचा अर्थ सामना बघितल्यावरच लागतो.

त्याला संघात धोका कुणाचा? जखमी खेळाडू परतला की पहिला बाहेर कोण जाईल? प्रशिक्षक फँटसी खेळत नाही. त्याला तुमच्या गुणांशी घेणंदेणं नाही, आणि ते योग्यच आहे.

आणि शेवटचा प्रश्न, जो कुठल्याच यादीत नसतो: या खेळाडूला त्याच्या संघातले लोक काय म्हणून ओळखतात? तुम्हाला उत्तर येत नसेल, तर तुम्ही अजून त्याला बघितलेलं नाही. फक्त त्याचा दर वाचलाय.

दर शनिवारी एक काम करा. तुमच्या फँटसी संघात नसलेला एक बचावपटू निवडा, जो गुणांच्या यादीत तळाला असतो. एक क्वार्टर, जेमतेम अर्धा तास, फक्त त्याच्याकडे बघा. चेंडूकडे बघू नका. तो कुठे उभा राहतो, कुणाला ओरडून सांगतो, कुणाच्या चुकीसाठी वीस मीटर जास्त धावतो, ते बघा. क्वार्टर संपल्यावर ॲप उघडा आणि त्याचे गुण वाचा.

बहुधा चार असतील. कदाचित सहा.

त्या आकड्यात आणि तुम्ही डोळ्यांनी बघितलेल्या अर्ध्या तासात जे अंतर आहे, त्याचं नाव ‘अंडरव्हॅल्यूड’. तो शब्द तिथे वापरा.